नॅसवर पर्यायी लिनक्स फर्मवेअर टाकल्यानंतर ते नेटवर्कवर दिसत नाही: समस्या निवारण

जुन्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेज उपकरणावर, मूळ फर्मवेअरऐवजी (उपकरण चालवणारं कंपनीचं सॉफ्टवेअर) ओपनडब्ल्यूआरटी किंवा डेबियन हे लिनक्स चढवलं, इन्स्टॉलेशन सुरळीत पार पडलं, उपकरण रीस्टार्ट झालं आणि त्यानंतर ते नेटवर्कवर कुठेच सापडत नाही. घरातली छोटी स्टोरेज उपकरणं नव्या फर्मवेअरवर नेताना मी सगळ्यात जास्त वेळा सोडवलेला बिघाड हाच. उपकरणं वेगळी, चिप वेगळ्या, पण कारणं तीच तीच निघतात. म्हणून तपासायचा क्रम इथे लिहून ठेवतो. आधी फुकटातल्या तपासण्या, मग डिस्क काढायची, आणि केस उघडून वायरी जोडायचं काम अगदी शेवटी.

एवढा खटाटोप कशाला, असं काहींना वाटेल. कंपनीने अपडेट देणं बंद केलं की नॅस चालू राहतं, पण सुरक्षित राहत नाही. वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्हला शेवटचं अपडेट २०१५ मध्ये मिळालं होतं. जून २०२१ मध्ये त्यातल्या त्रुटी वापरून जगभरातल्या अनेक उपकरणांवरचा डेटा इंटरनेटवरून पुसला गेला. त्याच उपकरणावर आज ओपनडब्ल्यूआरटी चालतं. हार्डवेअर धडधाकट असताना ते भंगारात काढायचं किंवा भोकं पडलेल्या फर्मवेअरवर चालवत राहायचं, हे दोन्ही मला पटत नाही.

सुरुवात करण्याआधी एकच नियम पाळा. उपकरण कुठवर पोचून थांबतंय हे कळेपर्यंत पुन्हा फ्लॅश करू नका, म्हणजे फर्मवेअर पुन्हा लिहू नका. वीज, बूटलोडर (लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम), कर्नल (लिनक्सचा गाभा), रूट फाइलसिस्टम (लिनक्सच्या बाकी फाइली), नेटवर्क, आणि शेवटी एसएसएच (दुरून आत जाऊन आदेश देण्यासाठी) किंवा सांबा (विंडोजला फाइली दाखवण्यासाठी) यांसारख्या सेवा, असा त्याचा प्रवास असतो. माझ्याकडे 'मेलं' म्हणून येणारी बहुतेक उपकरणं चौथ्या किंवा पाचव्या पायरीवर अडकलेली असतात. म्हणजे लिनक्स चालू असतं, फक्त त्याच्याशी बोलता येत नसतं. अशा वेळी घाईने पुन्हा फ्लॅश केलं आणि मध्येच वीज गेली किंवा चुकीचं पार्टिशन (स्टोरेजचा वेगळा राखलेला भाग) पुसलं गेलं, की दुरुस्त होण्यासारखं उपकरण खरोखर जातं.

लक्षणं

तुमचं लक्षण यातलं कोणतं ते आधी ठरवा.

- पॉवरचा दिवा लागलेला, लॅनचे दिवे चालू, पण जुन्या पत्त्यावर काहीही उत्तर नाही.
- पॉवरचा किंवा स्टेटसचा दिवा सतत लुकलुकतोय, पंखा पूर्ण वेगाने फिरतोय.
- पिंगला (उपकरण जागं आहे का हे विचारणाऱ्या छोट्या संदेशाला) उत्तर येतं, पण एसएसएच जोडत नाही.
- एसएसएच चालतं, पण विंडोजच्या नेटवर्क यादीत नॅस दिसत नाही.
- डिस्क फिरायला लागते, थांबते, पुन्हा फिरायला लागते.
- दिवा नाही, आवाज नाही, काहीच नाही.

दुसरं लक्षण बघून लोक सगळ्यात जास्त घाबरतात, आणि बहुतेक वेळा त्यात काही नसतं. क्यूनॅपच्या अनेक जुन्या मॉडेलांत दिवे, पंखा आणि बझर एक वेगळा छोटा मायक्रोकंट्रोलर सांभाळतो. 'बूट पूर्ण झालं, आता लुकलुकणं थांबव' हा निरोप त्याला मूळ फर्मवेअर देत असे. नव्या लिनक्समध्ये तो निरोप देणारा प्रोग्राम नसेल, तर दिवा लुकलुकत राहतो आणि पंखा ओरडत राहतो, आत मात्र सगळं नीट चालू असतं. डेबियनमध्ये या कामासाठी क्यूकंट्रोल नावाचं पॅकेज आहे. त्यामुळे दिव्यावरून काहीही निष्कर्ष काढू नका.

वाट बघा

पहिल्या बूटला वेळ लागतो. एसएसएचच्या चाव्या नव्याने तयार होतात, फाइलसिस्टम तपासली जाते, काही इमेज (टाकायच्या फर्मवेअरच्या फाइली) पार्टिशन मोठं करतात. जुन्या एआरएम चिपवर हे सगळं मुंगीच्या पावलांनी चालतं. पंधरा मिनिटं हात लावू नका. मोठी डिस्क आत असेल तर अर्धा तास द्या. मध्येच वीज तोडली तर चाव्यांच्या फाइली अर्धवट राहतात आणि पुढच्या बूटला एसएसएच सुरूच होत नाही. म्हणजे नसलेला बिघाड आपण तयार करतो.

तेवढ्या वेळात इमेज तपासा

कॉम्प्युटरवर पडलेल्या इमेजचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलवरून निघणारा पडताळणीचा आकडा) काढा आणि प्रकल्पाने दिलेल्या चेकसमशी पडताळा. यात जुळलं नाही तर पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही.

मग उपकरणाच्या तळाचं लेबल वाचा, नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही. एकाच नावाखाली वेगळं हार्डवेअर विकलं जाणं या बाजारात नेहमीचं आहे. वेस्टर्न डिजिटलच्या माय क्लाउडच्या पहिल्या पिढीत माइंडस्पीडची कॉमसर्टो चिप होती, दुसऱ्या पिढीत मार्व्हेलची आर्मडा आली. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही, पण एकाची इमेज दुसऱ्यावर चालणार नाही. डी-लिंकच्या डीएनएस-३२० आणि डीएनएस-३२०एलचंही तसंच, शेवटच्या एका अक्षरात सगळा फरक आहे. ओपनडब्ल्यूआरटीच्या बाबतीत 'फॅक्टरी' आणि 'सिसअपग्रेड' या दोन इमेजही वेगळ्या असतात. पहिली मूळ फर्मवेअरवरून येताना वापरायची, दुसरी आधीच ओपनडब्ल्यूआरटी असलेल्या उपकरणावर.

केबल आणि लिंकचा दिवा

केबल बदला, राउटरचा पोर्ट बदला. उपकरणाला दोन लॅन पोर्ट असतील तर दुसऱ्या पोर्टवर लावून बघा. ओपनडब्ल्यूआरटी एका पोर्टला 'वॅन' (इंटरनेटची बाजू) मानत असेल, तर त्या बाजूने येणारी जोडणी त्याची फायरवॉल अडवते.

लॅनचा दिवा लागला म्हणजे लिनक्स चालू आहे असं समजू नका. तो दिवा नेटवर्कची चिप स्वतःच लावते, आत कर्नल असो वा नसो. पण त्याच दिव्यातून एक उपयोगी गोष्ट कळते. नॅस थेट कॉम्प्युटरला जोडा, वीज द्या आणि दिव्याकडे बघत राहा. तो लागतो, आणि कर्नल नेटवर्कचा ड्रायव्हर सुरू करतो तेव्हा बहुतेक उपकरणांत क्षणभर विझून पुन्हा लागतो. हे विझणं दिसलं तर कर्नलपर्यंत गाडी बहुधा पोचली आहे, आणि तुम्ही पुढची तपासणी निर्धास्तपणे करू शकता.

पत्ता शोधा

अर्ध्याहून जास्त प्रकरणं मला इथेच सुटलेली आठवतात, म्हणून इथे घाई करू नका.

नव्या फर्मवेअरने जुना आयपी पत्ता धरून ठेवायचं काही कारण नसतं. राउटरच्या डीएचसीपी यादीत (त्याने आपणहून वाटलेल्या आयपी पत्त्यांच्या यादीत) बघा, पण जुना मॅक पत्ता (नेटवर्क पोर्टचा हार्डवेअर क्रमांक) शोधू नका. अनेक उपकरणांत मॅक पत्ता बूटलोडरच्या सेटिंगमध्ये साठवलेला असतो. ती सेटिंग पुसली गेली किंवा नव्या कर्नलने वाचली नाही, तर चिपचा मूळ पत्ता किंवा दर बूटला बदलणारा पत्ता वापरला जातो. मार्व्हेल किर्कवुड चिपच्या उपकरणांवर ००:५०:४३ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर तो मार्व्हेलचाच असतो. तेच तुमचं हरवलेलं नॅस. राउटरमध्ये मॅक पत्त्यावर ठरावीक आयपी बांधून ठेवला असेल, तर तो आता लागू होणार नाही हेही लक्षात घ्या.

ओपनडब्ल्यूआरटीची गोष्ट वेगळी. काही एक-पोर्टी नॅससाठी त्याची इमेज डीएचसीपीने पत्ता मागते, पण इतरत्र ते स्वतःला १९२.१६८.१.१ हा पत्ता देऊन गप्प बसतं. घरच्या राउटरचा पत्ताही हाच असेल तर दोघांची टक्कर होते. नॅस सापडत नाही, आणि घरातलं इंटरनेट मध्येच तुटायला लागतं. नॅस लावल्यापासून इंटरनेट अडखळायला लागलं असेल, तर निदान इथेच झालं. नॅस राउटरपासून सोडवा आणि केबलने थेट कॉम्प्युटरला लावा. कॉम्प्युटरचं वायफाय बंद करा, त्याला हाताने १९२.१६८.१.२ हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क द्या, आणि १९२.१६८.१.१ ला पिंग करा.

त्यानेही उत्तर आलं नाही, तर आयपीव्ही६ वापरा. ही युक्ती फार कमी लोक करतात, आणि ती मला सगळ्यात जास्त आवडते. लिनक्सने नेटवर्क पोर्ट सुरू केला की तो स्वतःला एक स्थानिक आयपीव्ही६ पत्ता देतो. त्याला डीएचसीपी लागत नाही, आणि आयपीव्ही४ ची सेटिंग पार चुकलेली असली तरी बहुधा हा पत्ता मिळतोच. लिनक्स चालणाऱ्या कॉम्प्युटरवरून नॅसकडे जाणाऱ्या पोर्टवर एफएफ०२::१ या पत्त्याला पिंग करा. या तारेवरच्या सगळ्यांनी उत्तर द्या, असा त्याचा अर्थ. थेट केबल असेल तर दोनच उत्तरं येतील, एक तुमचं स्वतःचं आणि दुसरं नॅसचं. एफई८० ने सुरू होणारा तो दुसरा पत्ता घ्या, त्याच्या पुढे टक्क्याचं चिन्ह आणि तुमच्या पोर्टचं नाव लिहा, आणि एसएसएच करा. उपकरणाचा स्क्रू न काढता आत शिरायची ही वाट आहे.

कुठूनच काही उत्तर येत नसेल तर वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावून तारेवर काय येतंय ते बघा. डीएचसीपीची मागणी दिसली तर नॅस जिवंत आहे आणि पत्त्यासाठी ताटकळतंय. त्याच पॅकेटमध्ये त्याचा मॅक पत्ताही मिळतो. काही जुन्या उपकरणांत बूटलोडरही थोडा वेळ नेटवर्कवर येतो. लिंक्सिसच्या एनएसएलयू२ मध्ये रेडबूट हा बूटलोडर वीज दिल्यावर अगदी थोडे क्षण १९२.१६८.०.१ या पत्त्यावर, ९००० क्रमांकाच्या पोर्टवर टेलनेट स्वीकारतो. तेवढ्यात जोडणी पकडली तर आत जाता येतं.

पिंग आहे, एसएसएच नाही

इथून पुढे उपकरण सुखरूप आहे, उरलाय तो दाराचा प्रश्न.

'होस्टची ओळख बदलली आहे' असा इशारा आला तर नव्या इन्स्टॉलेशननंतर तो अपेक्षितच आहे. जुनी नोंद काढून टाका. 'जुळणारा होस्ट की प्रकार सापडला नाही' असं आलं, तर इमेज जुनी आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ८.८ ने एसएचए-१ वर आधारलेल्या आरएसए सह्या स्वीकारणं बंद केलं, आणि जुन्या इमेजमधला सर्व्हर तेवढंच बोलू शकतो. त्या एका जोडणीपुरता जुना प्रकार चालू करून आत जा, आणि लगेच नवी इमेज टाका. डेबियनमध्ये रूट या मुख्य युजरला पासवर्डने प्रवेश मिळत नाही, २०१५ च्या ओपनएसएसएच ७.० पासून तसंच आहे. साध्या युजरने आत जा. डेबियनचा इन्स्टॉलर अजून चालू असेल तर युजरचं नाव 'इन्स्टॉलर' असतं.

आत गेल्यावर सगळ्यात आधी तारीख बघा. बोर्डावर घड्याळाची बॅटरी नसेल किंवा ती संपली असेल, तर तारीख १९७० ची किंवा अशीच जुनी निघते. मग प्रमाणपत्रं खोटी ठरतात, पॅकेज यादी 'अजून वैध नाही' म्हणून नाकारली जाते, आणि माणूस नेटवर्कमध्ये दोष शोधत बसतो. तारीख हाताने लावा, मग एनटीपी (नेटवर्कवरून वेळ घेणारी सेवा) चालू करा.

एसएसएच आहे, पण विंडोजला दिसत नाही

यात फर्मवेअरचा दोष जवळपास कधीच नसतो. एक्सप्लोररमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे आयपी पत्ता लिहा. उघडलं, तर शेअरिंग ठीक आहे आणि अडचण फक्त यादीत नाव येण्याची आहे. विंडोज आता शेजारची उपकरणं डब्ल्यूएसडी या पद्धतीने शोधतं आणि सांबा स्वतः ती बोलत नाही. डब्ल्यूएसडीडी नावाचा छोटा प्रोग्राम टाकला की नाव दिसायला लागतं.

आयपी पत्त्यानेही उघडलं नाही तर तीन गोष्टी बघा. सांबा मुळात टाकलाय का, कारण ओपनडब्ल्यूआरटीमध्ये तो आपणहून येत नाही. सांबाचा पासवर्ड वेगळा दिलाय का, कारण लिनक्सच्या युजरचा पासवर्ड त्याला कळत नाही. आणि जुन्या कॉन्फिगरेशनमधून एसएमबी१ या शेअरिंगच्या जुन्या पद्धतीची सक्ती तर आली नाही ना. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०९ आवृत्तीपासून एसएमबी१ आपणहून बसवलं जात नाही, आणि सांबानेही ४.११ पासून त्याला मूळ सेटिंगमधून वगळलं आहे. ते पुन्हा चालू करू नका. ती ओळ काढून टाका.

डिस्क काढून चालू करा

वीज बंद करा, डिस्क काढा, पुन्हा चालू करा. फर्मवेअर उपकरणाच्या फ्लॅशमध्ये असेल तर डिस्कशिवायही ते नेटवर्कवर आलंच पाहिजे. आलं, तर दोष डिस्कमध्ये किंवा अडॅप्टरमध्ये आहे.

अडॅप्टरवर आधी संशय घ्या. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करते तेव्हा १२ व्होल्टच्या बाजूने काही क्षण दोन अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते. म्हातारा झालेला अडॅप्टर मल्टिमीटरवर छान १२ व्होल्ट दाखवतो, आणि भार पडला की कोसळतो. बोर्ड रीसेट होतो, डिस्क थांबते, व्होल्टेज सावरतं, आणि चक्र पुन्हा सुरू. 'डिस्क फिरते, थांबते, फिरते' या लक्षणाचं हेच कारण मला वारंवार मिळालं आहे. नव्या फर्मवेअरनंतरच हे का दिसावं? मूळ फर्मवेअर अनेकदा दोन डिस्क थोड्या अंतराने चालू करायचं, नवीन लिनक्स कदाचित दोन्ही एकदम करतं. शिवाय वर्षानुवर्षं चालू असलेलं उपकरण या निमित्ताने पहिल्यांदाच पूर्ण बंद होऊन चालू झालेलं असतं. तेवढ्याच व्होल्टचा, तितक्याच किंवा जास्त अँपिअरचा, पिनची ध्रुवता तीच असलेला अडॅप्टर लावून बघा.

डिस्क दुसऱ्या लिनक्स कॉम्प्युटरला लावा

डेबियनसारखी रूट फाइलसिस्टम डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर असेल, तर सोल्डरिंगला हात न लावता मिळणारी सगळ्यात चांगली माहिती इथे आहे.

माउंट करण्याआधी (म्हणजे वापरासाठी उघडण्याआधी) डम्पईटूएफएस हा आदेश चालवून त्या पार्टिशनचा 'माउंट काउंट' (ते किती वेळा माउंट झालं तो आकडा) लिहून घ्या. डिस्क पुन्हा नॅसमध्ये लावा, चालू करा, वीस मिनिटांनी बंद करा आणि आकडा पुन्हा बघा. वाढला असेल तर बूटलोडरने कर्नल उचलला, कर्नलने डिस्क शोधली आणि रूट माउंट केली. लॉगमधल्या तारखांवर विसंबू नका, घड्याळ चुकलेलं असेल तर त्या फसवतात. हा आकडा फसवत नाही.

आकडा वाढला आणि तरी नेटवर्क नाही, तर दोन ठिकाणं बघा. पहिलं एफएसटॅब, म्हणजे बूट होताना माउंट करायच्या डिस्कची यादी. त्यात अशी एखादी डेटा डिस्क लिहिलेली असते जी आता जोडलेलीच नाही. सगळ्या सेवा सुरू करणारं सिस्टमडी तिची दीड मिनिट वाट बघतं आणि मग आणीबाणीच्या शेलमध्ये जाऊन बसतं, जिथे एसएसएच नसतं. स्क्रीन नसलेल्या उपकरणावर हे मेल्यासारखंच दिसतं. डेटा डिस्कच्या ओळीत 'नोफेल' हा पर्याय घाला, आणि एसडीए, एसडीबी अशा नावांऐवजी यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) लिहा, कारण ती नावं बूटगणिक बदलू शकतात. दुसरं ठिकाण म्हणजे नेटवर्कच्या पोर्टचं नाव. डेबियन १२ वर आल्यानंतर काही एआरएम बोर्डांवर ईथ० चं एंड० झालं. कॉन्फिगरेशनमध्ये जुनंच नाव राहिलं तर पोर्टला कोणी जागंच करत नाही.

आकडा वाढला नाही, तर बूटलोडरला डिस्क वाचता आली नसण्याची शक्यता मोठी. आपण डिस्क आजच्या कॉम्प्युटरवर तयार करतो, आणि ती वाचणारं यू-बूट (या उपकरणांतला नेहमीचा बूटलोडर) दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं असतं. २०१६ च्या ई२एफएसप्रॉग्ज १.४३ पासून नव्या एक्स्ट४ फाइलसिस्टममध्ये मेटाडेटा चेकसम आणि ६४-बिट ही वैशिष्ट्यं आपणहून चालू होतात, आणि जुन्या यू-बूटला ती कळत नाहीत. अनेक जुन्या यू-बूटना जीपीटी पार्टिशन टेबलही कळत नाही, आणि जुन्या एमबीआर टेबलमध्ये २ टीबीच्या पुढची डिस्क बसत नाही. माझा उपाय ठरलेला आहे. बूटसाठी एक छोटी, एमबीआर असलेली पेनड्राइव्ह घ्या, तिच्यावर पहिलं पार्टिशन साध्या एक्स्ट२ चं ठेवा, कर्नल तिथे ठेवा. मोठी डिस्क निव्वळ डेटासाठी राहू द्या, तिला बूटमध्ये गुंतवू नका. पेनड्राइव्हवरून रूट असेल तर कर्नलला 'रूटवेट' सांगा, कारण यूएसबी डिस्क उशिरा जागी होते. आणि मागचा पोर्ट, पुढचा पोर्ट दोन्ही लावून बघा. काही यू-बूट एकाच पोर्टवर शोधतात.

जुनी डेटा डिस्क कॉम्प्युटरवर माउंटच होत नसेल, तर ती खराब आहे असं लगेच म्हणू नका. माय बुक लाइव्हमध्ये पॉवरपीसी चिप होती आणि मेमरीचं पान (कर्नल एका वेळी हाताळतो तो तुकडा) ६४ किलोबाइटचं. त्यामुळे तिची डेटा फाइलसिस्टमही ६४ किलोबाइटच्या ब्लॉकची आहे. ४ किलोबाइटचं पान वापरणाऱ्या नेहमीच्या कॉम्प्युटरचा कर्नल अशी डिस्क अनेकदा नाकारतो. डीबगएफएस किंवा फ्यूज-एक्स्ट२ ने फाइली बाहेर काढता येतात. अशा वेळी 'फॉरमॅट करू का?' असं कॉम्प्युटर विचारतो, त्याला नाही म्हणा.

सिरीयल कन्सोल

सिरीयल कन्सोल म्हणजे बूटलोडर आणि कर्नलचे संदेश बोर्डावरून थेट वायरीने वाचायची सोय. वरच्या कशानेही उत्तर मिळालं नाही तरच केस उघडा. वीज काढून उघडा.

लागतं ते ३.३ व्होल्टचं यूएसबी-टीटीएल कन्व्हर्टर. जुन्या कॉम्प्युटरचा आरएस-२३२ पोर्ट थेट जोडलात तर त्याच्या व्होल्टेजने चिप जळते. बोर्डावर चार किंवा जास्त पिनांची ओळ शोधा. तिची मांडणी तुमच्या मॉडेलसाठी नक्की माहीत असल्याशिवाय काहीही जोडू नका. आधी ग्राउंड जोडा, मग नॅसचा टीएक्स (पाठवायची पिन) कन्व्हर्टरच्या आरएक्सला (घ्यायच्या पिनला), आणि नॅसचा आरएक्स टीएक्सला. व्होल्टेजची चौथी वायर मोकळी सोडा, नॅसला स्वतःची वीज आहे. बहुतेक उपकरणांना १,१५,२०० चा वेग, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट आणि फ्लो कंट्रोल बंद अशी सेटिंग चालते.

आता वीज द्या आणि सगळं फाइलमध्ये साठवा. शेवटची ओळ महत्त्वाची.

'बॅड मॅजिक नंबर' म्हणजे यू-बूट जिथे बघतंय तिथे कर्नलच नाही. बूटचा आदेश चुकीच्या जागी बोट दाखवतोय किंवा डिस्क वाचली गेली नाही. 'बॅड डेटा सीआरसी' आलं तर कर्नल आहे, पण अर्धवट किंवा खराब. अनेकदा तो त्याच्यासाठी राखलेल्या पार्टिशनपेक्षा मोठा असतो आणि शेपूट कापलं गेलेलं असतं. 'स्टार्टिंग कर्नल' नंतर पूर्ण शांतता असेल, तर डिव्हाइस ट्री (कर्नलला दिलेलं हार्डवेअरचं वर्णन) दुसऱ्याच मॉडेलचा आहे किंवा कर्नलला कन्सोलचं नाव चुकीचं दिलंय. 'अनेबल टू माउंट रूट एफएस' दिसलं तर कर्नल ठणठणीत आहे, रूटचा पत्ता चुकला. अक्षरं कचऱ्यासारखी येत असतील तर वेग चुकला आहे, उपकरण नाही.

यू-बूटमध्ये थांबता आलं तर सगळ्यात आधी प्रिंटएन्व्ह चालवून सगळ्या सेटिंग कॉपी करून ठेवा. त्यात मॅक पत्ता असतो, मूळ बूट आदेश असतो. मग लगेच फ्लॅशमध्ये लिहू नका. टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवायची साधी पद्धत) कर्नल मेमरीत उतरवा आणि तिथूनच बूट करा. मेमरीतून चाललं तर इमेज बरोबर आहे हे सिद्ध झालं, आणि चुकलं तरी वीज बंद केली की मागमूस राहत नाही. एकदा आत गेलात की यू-बूटचा नेटकन्सोल बसवता येतो का बघा. तो असला तर पुढच्या वेळी हेच संदेश नेटवर्कवर मिळतात आणि केस उघडावी लागत नाही.

यू-बूटच गेलं असेल तरी किर्कवुड चिपवर आशा असते. केडब्ल्यूबूट नावाचं साधन त्याच सिरीयल वायरीवरून यू-बूट थेट मेमरीत पाठवतं. सुरुवातीच्या काही चिपांच्या बूटरॉममध्ये (चिपमधल्याच पहिल्या प्रोग्राममध्ये) मात्र ही सोय नाही. नँड फ्लॅशवर काहीही लिहायचं झालं तर नँडराइट हाच आदेश वापरा, डीडी नाही. नँडमध्ये खराब ब्लॉक कारखान्यातूनच येतात. नँडराइट ते वगळून लिहितं, डीडीला ते कळतही नाहीत. बूटलोडरचं पार्टिशन, म्हणजे बहुतेक ठिकाणी एमटीडी० (फ्लॅशचं पहिलं पार्टिशन), नवं यू-बूट टाकायची पूर्ण तयारी असल्याशिवाय पुसू नका.

इथे थांबा

- अडॅप्टरमधून किंवा बोर्डावरून जळका वास येतोय, कपॅसिटर फुगलाय किंवा बोर्डावरचा एखादा भाग हात लावल्यावर चटका देतोय. वीज काढा. अडॅप्टर किंवा आतला मेन्सचा पॉवर सप्लाय स्वतः उघडू नका. वीज काढल्यावरही त्यात धोकादायक भार साठलेला असतो.
- डिस्कमधून टकटक आवाज येतोय आणि त्यावरच्या डेटाची दुसरी प्रत नाही. ती पुन्हा चालू करून बघू नका, तपासणीची साधनंही चालवू नका. प्रत्येक वेळी फिरवल्याने नुकसान वाढतं. हे काम डेटा रिकव्हरी करणाऱ्यांचं आहे.
- दोन डिस्कची रेड (दोन्ही मिळून एक म्हणून वापरलेली जोडी) होती आणि ती आपणहून जुळत नाही. रेड सांभाळणाऱ्या एमडीएडीएमला 'असेंबल' सांगणं ठीक, तेही फक्त वाचण्यापुरतं. 'क्रिएट' कधीही नाही. चुकीच्या क्रमाने क्रिएट करून वर नवी फाइलसिस्टम बनवलेल्या डिस्कमधून फारसं काही परत मिळत नाही. जाणकाराला बोलवा.
- वायरी बरोबर, कन्व्हर्टर दुसऱ्या बोर्डावर चालतोय, तरी कन्सोलवर एक अक्षरही नाही, आणि चिपला सिरीयलवरून बूट करायची सोय नाही. इथून पुढे जेटॅग (चिपशी थेट बोलायची जोडणी), फ्लॅश चिप उतरवून प्रोग्रामरवर लिहिणं किंवा बोर्डावरचे व्होल्टेज तपासणं, एवढंच उरतं. हॉट एअर सोल्डरिंगवर हात बसलेला नसेल तर बोर्ड दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या.

देताना डेटा डिस्क काढून घ्या. सोबत सिरीयलचा साठवलेला लॉग, प्रिंटएन्व्हची प्रत, तळाच्या लेबलचा फोटो, टाकलेल्या इमेजचं पूर्ण नाव आणि फ्लॅश करण्याआधी एमटीडी पार्टिशनांचा बॅकअप घेतला असेल तर तोही द्या. प्रोग्रामरवर लिहिणाऱ्याला तो बॅकअप मिळाला तर त्याला चिपमध्ये काय भरायचं ते शोधत बसावं लागत नाही.